नो क्लेम बोनस

मार्च महिन्यातला रविवार. सकाळचे साडेदहा. आईने पोहे केलेले, बाबा पेपर वाचतायत, मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन उगाच काम करत असल्याचं दाखवतोय. बेल वाजली. एजंट काका!

हे काका म्हणजे आमच्या घरचे जुने पाहुणे. बाबांच्या एलआयसीपासून आईच्या मेडिक्लेमपर्यंत सगळं त्यांच्याकडे. गाडीची पॉलिसी एप्रिलअखेर संपते, पण काका शिस्तीचे, महिनाभर आधीच हजर. चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी बॅगेतून कागद काढला आणि अगदी मुलगा बोर्डात आल्यासारखं बाबांना म्हणाले, "साहेब, अभिनंदन! सात वर्षांत एक क्लेम नाही. पन्नास टक्के नो क्लेम बोनस. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत हो. एकदम सेफ ड्रायव्हर!"

बाबांनी पेपर खाली केला नाही. आई स्वयंपाकघरात गेली, गॅसवर काहीही नसताना. मी स्क्रीनकडे बघत बसलो.

कारण मंडळी, त्या रविवारी घरातल्या त्या 'सेफ ड्रायव्हर'चं लायसन्स कोर्टाने सहा महिन्यांसाठी काढून घेतलेलं होतं. (हो, तो मीच.)

आता ही गोष्ट लिहावी की नाही यावर बरेच वीकएंड घालवले. शेवटी ठरवलं की लिहायचं. कारण या सगळ्यात मी जे शोधत होतो ते सापडलं नाही, आणि जे सापडलं ते तुमच्याही ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये पडलेलं असणार.

तर झालं असं. डिसेंबर २०२४, शुक्रवार. प्रॉजेक्ट गो-लाइव्ह झालं म्हणून टीमचं जेवण, वाकडला. मी गाडी घेऊन गेलो होतो. गाडी म्हणजे २०१८ ची स्विफ्ट, बाबांनी टेल्कोतून रिटायर झाल्यावर घेतलेली, अर्थातच त्यांच्या नावावर. "मी ठीक आहे रे" हे वाक्य त्या रात्री मी किमान तिघांना ऐकवलं. रावेत, भक्ती-शक्ती चौक, मग त्रिवेणीनगरवरून तळवड्याला, आमच्या रुपीनगरात. रोजचा रस्ता, डोळे मिटूनही जाईन असा. त्रिवेणीनगरजवळ नाकाबंदी होती. पावणेबारा वाजले असतील. हवालदारांनी मशीन पुढे केलं. फुंकलं. आकडा आला ७८.

कायदा सांगतो १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम. त्याच्या वर गेलात की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. मी दोन पट ओलांडून तिसऱ्याच्या वाटेवर होतो. नंतर हिशोब केला : शरीर साधारण तासाला १५ मिलीग्रॅमच्या आसपास अल्कोहोल बाहेर काढतं, म्हणजे मला 'ठीक' व्हायला अजून तीन तास तरी हवे होते. लिंबूपाणी, कॉफी, तोंडावर पाणी मारणं, यातल्या कशानेही त्या तासाचा मिनिटसुद्धा कमी होत नाही.

गाडी तिथेच ठेवून घेतली. कागदपत्रं आणि गाडी नेणारा शुद्धीतला माणूस हवा म्हणाले. बाबांना फोन केला. ते रिक्षाने आले. स्वेटरवर मफलर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आरसी बुक. हवालदारांशी नीट बोलले, सही केली, गाडीत बसले. घरापर्यंत एक शब्द नाही. पार्किंगमध्ये गाडी लावून फक्त एवढंच म्हणाले, "चावी आता माझ्याकडे राहील."

कलम १८५ चं प्रकरण चौकात पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. जानेवारीत पिंपरीच्या कोर्टात उभा राहिलो. बाकावर माझ्यासारखेच पंधरा-वीस जण. टेम्पोवाला, एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, एक पन्नाशीचे गृहस्थ जे सगळ्यांना "मी घेतच नाही हो" असं सांगत होते. नाव पुकारलं, गुन्हा कबूल का विचारलं, मी हो म्हणालो. तीन मिनिटंही लागली नसतील. दंड १०,००० रुपये. १ सप्टेंबर २०१९ पूर्वी हाच दंड जास्तीत जास्त २,००० होता. वर लायसन्स सहा महिने बंद. कायद्याच्या कलम २० मध्ये १८५ खाली दोषी ठरलेल्यासाठी किमान मुदतच सहा महिन्यांची आहे.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची घटना आठवते ना? मध्यरात्रीनंतर एका अल्पवयीन मुलाने पोर्शे चालवत बाइकला उडवलं, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण इंजिनियर गेले. मग त्या मुलाला जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि सगळं पुणे पेटून उठलं. आमच्या कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी स्टेटस ठेवला होता. अगदी कडक! सात महिन्यांनी त्रिवेणीनगरला मशीनमध्ये फुंकणारा मी तोच होतो. माझी गाडी स्वस्त होती आणि समोर कोणी आलं नाही, एवढाच काय तो फरक. (आणि माझा निबंध ३०० शब्दांत आटोपणारा नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.)

असो. विम्याकडे वळतो.

कॉलेजातला माझा एक रूममेट कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बाबतीत हेच झालं होतं. माझी बातमी कळल्यावर त्याचा फोन आला. पहिलं वाक्य, "किती होतं?" म्हटलं ७८. तो म्हणाला, "अरे, इथे ०.०८ टक्क्याला पकडतात, म्हणजे ८०. इथे तू त्या आकड्यातून सुटला असतास." मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे मारलं नसतंस असं नाही."

त्याने त्याची कहाणी सांगितली. दंड आणि तीन महिन्यांचा सक्तीचा वर्ग हा भाग लवकर संपला. संपलं नाही ते विम्याचं. त्याच्या कंपनीने पॉलिसी पुढे चालू ठेवायला नकार दिला. मग 'हाय रिस्क' ग्राहक घेणाऱ्या कंपन्या शोधत फिरला. त्यांच्याकडून 'एसआर-२२' नावाचं प्रमाणपत्र राज्याच्या वाहन खात्यात भरावं लागतं. ते म्हणजे वेगळा विमा नव्हे. या माणसाचा किमान विमा चालू आहे आणि बंद पडला तर आम्ही लगेच तुम्हाला कळवू, अशी कंपनीने सरकारला दिलेली हमी. कॅलिफोर्नियात साधारण तीन वर्षं ती चालू ठेवावी लागते. चांगल्या चालकाची सवलत तर तिथे दहा वर्षांसाठी जाते. त्याचा हप्ता दुपटीहून जास्त झाला. "दर महिन्याला खात्यातून पैसे गेले की ती रात्र आठवते," असं तो म्हणाला.

मला तेव्हा वाटलं, आपल्यालाही हे करावं लागणार. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. गुन्हा केलाय, त्याची काहीतरी किंमत लागावी, ती हप्त्याने फेडावी आणि मोकळं व्हावं. इंजिनियरचं डोकं, दुसरं काय! बग आहे तर त्याचं तिकीट हवं, तिकिटाला क्लोजर डेट हवी.

म्हणून काका गेल्यावर मी कस्टमर केअरला फोन लावला. संवाद साधारण असा :

"सर, मला ड्रंक ड्रायव्हिंगमध्ये शिक्षा झाली आहे. रिन्यूअलला काय फरक पडेल?"

"सर, क्लेम घेतला होता का?"

"नाही. पण कोर्टात..."

"क्लेम नाही ना सर? मग एनसीबी पूर्ण मिळेल. आता रिन्यू केलंत तर अजून डिस्काउंट पण आहे."

तीन कंपन्यांना फोन केले. तिसऱ्या ठिकाणच्या मुलीने तर "थँक यू फॉर युअर ऑनेस्टी सर" म्हणून रोडसाइड असिस्टन्स विकायचा प्रयत्न केला. काकांच्या फॉर्मात एक प्रश्न होता : चालकाने पूर्वी अपघात केला आहे का? उत्तर नाही. प्यायलात का, पकडले गेलात का, हे कोणी विचारलंच नाही. मला या शिक्षेबद्दल सरळ विचारणारा एकच फॉर्म सापडला, अमेरिकेच्या व्हिसाचा. अटक किंवा शिक्षा झाली आहे का, हो की नाही. माझं ऑनसाइट त्या चौकोनात अडकलंय, पण तो वेगळा लेख.

मग शोधायला बसलो की आपल्याकडे हप्ता ठरतो कसा.

पॉलिसीचे दोन मुख्य भाग. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा विमा. हा सक्तीचा, आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. यात चालक कोण हा प्रश्नच नाही. फक्त इंजिन किती मोठं. आमची स्विफ्ट, त्यामुळे ३,४१६. संत चालवो नाहीतर मी.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान. याचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना मोकळे झाले. पण जुन्या चौकटीची सवय अजून आहेच : गाडीची किंमत, वय, सीसी, आणि झोन. (पुणे आठ मोठ्या शहरांच्या 'ए' झोनमध्ये येतं.) मग त्यावर नो क्लेम बोनस. पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा बोनस चांगलं चालवल्याबद्दल नाही बरं का, क्लेम न मागितल्याबद्दल आहे. रात्री ७८ वर गाडी चालवून सुखरूप घरी आलात तर तेही 'बिनक्लेम'च.

आपल्याकडे कोणाला हे सुचलंच नाही असंही नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये एक गट नेमला होता. जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात प्रत्येकाच्या वाहतूक गुन्ह्यांचे गुण मोजून हप्त्यात वेगळा भाग लावायची सूचना होती. चुकीच्या पार्किंगला १० गुण, दारू पिऊन चालवण्याला सगळ्यात जास्त, १००. सुरुवात दिल्लीत करून बघायची असं म्हटलं होतं. माझ्या पॉलिसीत तो रकाना नव्हता. आणि आपल्या देशात 'नको असलेली जोखीम' म्हणून खास पूल होता तो कोणासाठी? ट्रकसाठी! व्यावसायिक वाहनांचा थर्ड पार्टी विमा कंपन्या टाळायच्या म्हणून २०१२ मध्ये 'डिक्लाइन्ड रिस्क पूल' काढला होता. म्हणजे चाकणच्या रस्त्यावर रात्रभर माल वाहणारा ड्रायव्हर शुद्धीत असूनही नकोसा, आणि मी एकदम प्रीमियम कस्टमर!

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग मी पॉलिसी वाचली.

आपण कोणी पॉलिसी वाचत नाही. आमची सात वर्षं ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये होती, सर्व्हिसिंगची बिलं आणि टिश्यू पेपरच्या खाली. त्यात अपवादांच्या यादीत एक वाक्य आहे, तुमच्याही पॉलिसीत असेल. मालक किंवा मालकाच्या संमतीने गाडी चालवणारी कोणतीही व्यक्ती मद्याच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असताना झालेलं नुकसान कंपनी देणार नाही. 'कोणतीही व्यक्ती.' म्हणजे बाबांनी विश्वासाने दिलेली चावी, आणि मी.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल आहे. दिल्लीत २००७ मध्ये इंडिया गेटजवळ एक पोर्शे (पुन्हा पोर्शेच) फुटपाथवर आदळून खाक झाली. गाडी कंपनीच्या नावावर, आणि त्या कंपनीच्या नावातच 'बेव्हरेजेस'. विमा कंपनीने पैसे नाकारले. चालकाची फुंकून किंवा रक्ताची चाचणी झालेली नव्हती, म्हणून सुटू असं वाटलं असेल. कोर्टाने सांगितलं की चाचणी नसली तरी विमा कंपनी इतर पुराव्यावरून नशा सिद्ध करू शकते. पैसे मिळाले नाहीत.

बरं, स्वतःची गाडी गेली तर गेली. पण दुसऱ्याचं काय? मला वाटायचं थर्ड पार्टी कधीच नाकारत नाहीत. तसं पूर्ण खरं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५० मध्ये कंपनीला ज्या मुद्द्यांवर आपला बचाव करता येतो, त्यात दारू पिऊन चालवणं हे आता स्पष्ट शब्दांत आहे. मग ज्याचं माणूस गेलं त्या घराने काय करायचं? तिथे कोर्टं साधारण असा मार्ग काढतात : कंपनीने आधी त्या कुटुंबाला पैसे द्यायचे आणि नंतर ते गाडीच्या मालकाकडून वसूल करायचे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दारूच्याच प्रकरणात असं सांगितलं.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे एक-दीड वाजले होते. 'मालकाकडून' या शब्दावर बराच वेळ थांबलो.

मालक बाबा आहेत.

मग मी एक्सेल उघडलं. (सवय.) अपघातात गेलेल्या माणसाची भरपाई कशी काढतात याचं सूत्र ठरलेलं आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांतलं. वार्षिक उत्पन्न घ्यायचं, त्यात भविष्यातली वाढ मिळवायची, माणूस स्वतःवर खर्च करेल तो भाग वजा करायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. २६ ते ३० वयाला १७.

पहिल्या ओळीत मी स्वतःला घातलं. वय २७, पगार ६०,००० धरला, कायम नोकरी म्हणून ५० टक्के वाढ, अविवाहित म्हणून निम्मे वजा, गुणिले १७. जवळजवळ ९२ लाख. चला, आपली किंमत कळली.

दुसरी ओळ घालताना मात्र हात थांबला. कारण त्या रात्री त्या रस्त्यावर कोण असतं हे मला माहीत आहे. पावणेबाराला सेकंड शिफ्ट सुटलेली असते. कंपनीच्या बसमधून उतरून माणसं कडेने चालत असतात, कोणी सायकलवर, डबा हँडलला लटकलेला, मागे लाल दिवा नाही. त्या रात्री मी त्यांच्यातल्या किती जणांना ओलांडून गेलो, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. भक्ती-शक्तीचा सिग्नल आठवतो आणि एकदम नाकाबंदीचे बॅरिकेड आठवतात. मधला रस्ता माझ्या डोक्यात नाहीच.

दुसरी ओळ : वय ३०, कंत्राटी कामगार, पगार १८,०००, घरी बायको, दोन मुलं, आई. वाढ ४० टक्के. चार जण अवलंबून म्हणून एक चतुर्थांश वजा. गुणिले १७. अडतीस लाख पंचावन्न हजार सहाशे. अंत्यसंस्कार वगैरेची ठरलेली रक्कम आणि व्याज वेगळं.

आमचं रुपीनगरमधलं घर बाबांच्या नावावर आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. पॉलिसीतलं ते वाक्य वाचून दाखवलं, वसुलीचं सांगितलं, एक्सेल दाखवलं. बाबांनी चष्मा लावला. पहिली ओळ बघितली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून सगळे रकाने एकेक करून वाचले. वय, शिफ्ट, बायको, दोन मुलं, आई.

"पगार आणि कंत्राट सोडलं तर हा मीच की रे," ते म्हणाले. "तू पहिलीत होतास तेव्हापर्यंत मी याच रस्त्याने सेकंड शिफ्ट करून चालत यायचो. त्रिवेणीनगरला बस सोडायची."

आई दारात उभी होती. ताई आणि मी ही त्या रकान्यातली 'दोन मुलं', हे मला ओळ भरताना कळलं नव्हतं. शपथ.

थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "लायसन्स नसलं तरी गाडीचा मालक होता येतं ना?"

"येतं."

"मग गाडी तुझ्या नावावर कर. वसुली मालकाकडून असेल तर मालक तू हो. आईचं घर यात नको."

आवाज चढलेला नव्हता. बजेट लिहिताना बोलतात तसं बोलले. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण बोलले त्यात चूक काय होती? मला पोटचा पोरगा म्हणून पहिल्यांदाच कोणीतरी जोखीम म्हणून मोजलं, आणि ते बरोबर मोजलं.

फॉर्म २९, फॉर्म ३०, मोशीचं आरटीओ ऑफिस, काही हेलपाटे. आरसीवर माझं नाव आलं. मग काकांना बोलावलं. काका अस्वस्थ! "अहो साहेब, कशाला? बोनस जाईल ना! बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तुम्ही दुसरी गाडी घेतलीत तर तो तुम्हाला मिळेल, पण या गाडीला ह्याच्या नावावर शून्यापासून सुरुवात."

"तेच पाहिजे," बाबा म्हणाले.

मंडळी, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी महिनाभर शोधत होतो तो हाय रिस्क विमा घरातच निघाला.

हिशोब सांगतो. ओन डॅमेजचा मूळ हप्ता आमचा ८,००० च्या आसपास. बाबांना ५० टक्के बोनसने ४,००० पडायचा, मला पूर्ण ८,०००. पुढच्या वर्षी क्लेम नसेल तर मला २० टक्के सवलत, मग २५, ३५, ४५, आणि सहाव्या वर्षी मी बाबांच्या जागेवर येणार. गाडीची किंमत दर वर्षी घटते ते सोडून दिलं तर पाच वर्षांत बाबांपेक्षा जास्त भरायचे पैसे : ४,००० अधिक २,४०० अधिक २,००० अधिक १,२०० अधिक ४००. बेरीज करून बघा. दहा हजार. कोर्टाने सांगितला होता तेवढाच.

मी हे काकांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि फॉर्ममधला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा खोडला. वैध लायसन्स नसलेल्या मालकाला तो मिळत नाही. "एवढे तरी वाचले," असं म्हणून त्यांनी चहा संपवला.

लायसन्स परत मिळालं त्याला आता बरेच दिवस झाले. ते सहा महिने मी घर ते आयटी पार्क चालत गेलो, कॅनबे चौकातून, डंपर आणि कंपनीच्या बसच्या धुरातून, वीस मिनिटं. रात्री उशीर झाला की कडेने चालताना मागून येणाऱ्या प्रत्येक हेडलाइटकडे वळून बघायची सवय लागली. ती अजून गेलेली नाही. टीमचं जेवण असलं की रिक्षा किंवा कॅब. "एकाने काय होतं" म्हणणाऱ्याला मी आता व्याख्यान देत नाही, फक्त विचारतो की गाडी कोणाच्या नावावर आहे. बहुतेक वेळा उत्तर येतं, बाबांच्या.

तुमची कोणाच्या नावावर आहे? आज रविवार आहे. ग्लोव्ह कंपार्टमेंट उघडा, टिश्यू पेपर बाजूला करा आणि अपवादांची यादी वाचा. पाच मिनिटं लागतात.

चावी अजून बाबांच्या खोलीतल्या खिळ्यालाच असते. गाडी माझी आहे, हप्ता मी भरतो, पण काढताना विचारून काढतो. ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतात, "ने."